मांगातली ओताकू नायिका: तिची आवड कथेत काही काम करते, की नायकाने पदरात घेण्यापुरतीच असते?

सायली_वि

रोमँटिक कॉमेडी मांगा वाचणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा. ओताकू नायिका असलेल्या कथा मला मनापासून आवडतात. त्यामुळेच त्यातली एक गोष्ट सलत राहते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ओताकू म्हणजे मांगा, अॅनिमे (जपानी अॅनिमेशन), गेम, आयडॉल (लाडके तरुण गायक-कलाकार) अशा कशात तरी आकंठ बुडालेली व्यक्ती. आणि फुजोशी म्हणजे दोन पुरुषांमधल्या प्रेमकथा, ज्याला बीएल म्हणतात, त्या आवडीने वाचणारी (आणि पुष्कळदा स्वतः लिहिणारी-रेखाटणारी) मुलगी.

बऱ्याच कथांचा साचा ठरलेला. मुलगी फुजोशी आहे, ती ते जिवाच्या कराराने लपवते, एक दिवस नायकाला कळतं, तो म्हणतो 'मला चालेल', की झाला आनंदीआनंद. 'मुलगी जरा सावळी आहे, पण आमची हरकत नाही' असं बघायला आलेली माणसं म्हणतात ना, तोच सूर मला त्यात ऐकू येतो. नायकाच्या मनाचा मोठेपणा दिसावा म्हणून नायिकेला एक उणीव दिलेली असते आणि ती उणीव म्हणजे तिची आवड.

याच्या उलट 'प्रिन्सेस जेलीफिश' घ्या. आकिको हिगाशिमुरा यांची ही मालिका २००८ ते २०१७ या काळात 'किस' मासिकात आली, १७ खंड आहेत. त्सुकिमी कागोशिमाहून तोक्योला आलेली, जेलीफिशचं वेड असलेली मुलगी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एकाच टाकीत दोन जातींचे जेलीफिश ठेवलेले तिला दिसतात. एक दुसऱ्याला मारणार हे तिला माहीत असतं. एरवी अनोळखी माणसाशी बोलताना जिची वाचा बसते ती मुलगी तिथल्या फॅशनेबल पोराशी हुज्जत घालते! नायकाची, म्हणजे कुरानोसुकेची, आणि तिची भेट त्यातून होते. पुढे जेलीफिशच्या त्या झालरी, तो पारदर्शकपणा, ते तरंगणं, सगळं तिच्या कपड्यांच्या डिझाइनमध्ये उतरतं, आणि राहतं घर वाचवायच्या धडपडीत तेच कामी येतं. तिचं वेड काढून टाकलं तर कथाच उरत नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या वाचनात नायिकेची आवड कथेत खरंच काही काम करते अशा रोमँटिक कॉमेडी कोणत्या? आणि 'चालेल' प्रकारातल्या कोणत्या?

झिपऱ्या

पहिला! सविस्तर नंतर लिहितो, आधी खुर्ची अडवून ठेवतो.

अनघा_पुणे

फार छान विषय. 'वोताकोई'चं नाव अजून कसं आलं नाही? फुजिता यांनी २०१४ मध्ये पिक्सिव्ह या चित्रं टाकायच्या जपानी संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली, २०२१ मध्ये ११ खंडांत संपली. नारुमी फुजोशी आहे. आवड कळल्यावर आधीचा बॉयफ्रेंड सोडून गेला, म्हणून नव्या ऑफिसात ती तोंड मिटून राहायचं ठरवते. आणि पहिल्याच दिवशी तिथे कोण भेटतो, तर शाळेतला मित्र हिरोताका! तो पक्का गेमवेडा. सगळ्यांसमोर तो तिला सरळ ओताकू कार्यक्रमाबद्दलच विचारतो आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सायली, तुझ्या कसोटीला ही कथा उतरते असं मला वाटतं, कारण इथे 'चालेल' म्हणणारा वरचढ कुणी नाहीच. दोघंही त्याच नावेत. शिवाय कोयानागी आणि काबाकुरा आहेतच. ती पुरुष पात्रांचं कॉस्प्ले करते, म्हणजे त्यांच्यासारखा पोशाख करून वावरते; तो सुपरहिरो आणि गोंडस मुलींच्या कथांचा चाहता. शाळेपासूनचं प्रेम आणि शाळेपासूनचीच भांडणं.

गौरांग

अनघा, 'वोताकोई' मलाही आवडते. पण नारुमी बीएल वाचते हे आपल्याला तिच्या ओरडण्यावरून, लाळ गाळण्यावरून कळतं. तिला त्यात नेमकं काय आवडतं, ती काय प्रतीचं रेखाटते, हे कधी नीट येतंच नाही. तिची आवड म्हणजे विनोदाचं हुकमी बटण आहे.

आणि सायली, 'स्वीकारला जाणं' हे फक्त बायकांच्याच वाट्याला आलेलं नाही. 'देन्शा ओतोको' आठवा. २००४ मध्ये इंटरनेटवर गाजलेली गोष्ट, २००५ मध्ये चित्रपट आणि मालिका. तिथे ओताकू मुलगा आहे आणि साधीसुधी, घरंदाज मुलगी त्याला स्वीकारते. साचा आधीपासून होता, नंतर त्यात मुलगी बसवली.

निळी_शाई

@गौरांग, मुद्दा बरोबर आहे, पण तिथेही त्याला केस कापायला, चष्मा काढायला, नवे कपडे घ्यायला लावलंच होतं. स्वीकार व्हायच्या आधी डागडुजी. त्यामुळे सायलीचा मुद्दा आणखी बळकट होतो असं मी म्हणेन.

मीना_सातारकर

मला यातलं काही कळत नाही, पण माझी दहावीतली लेक दिवसभर हेच वाचत असते म्हणून धागा उघडला. दोन पुरुषांच्या प्रेमकथा मुली वाचतात म्हणजे काय? आणि हे तिच्या वयाला योग्य आहे का? रागाने विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

टोकियोवासी

मीनाताई, बरं झालं विचारलंत. तोक्योतल्या निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीत राहतो, इथल्या पुस्तकांच्या दुकानांत बराच वेळ जातो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

हा प्रकार नवा नाही. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या लेखिकांनी मुलींच्या मासिकांत मुलग्यांमधल्या प्रेमाच्या कथा आणल्या. मुलींच्या कथेत मुलीने कसं वागावं याची जी ठरीव चौकट असते, ती तिथे आपोआप गळून पडते. हेच त्याचं आकर्षण होतं असं पुष्कळ वाचक सांगतात. बीएलमध्ये शाळकरी हळव्या कथांपासून प्रौढांसाठीच्या कथांपर्यंत सगळं असतं, तेव्हा खंडावर वयाची सूचना आहे का ते बघा. वर आलेल्यांपैकी 'वोताकोई' आणि 'प्रिन्सेस जेलीफिश' दहावीच्या मुलीला द्यायला मला काहीच अडचण वाटत नाही.

आता मूळ विषय. ओताकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आकिहाबारातला (तोक्योतली अॅनिमे-गेमची बाजारपेठ) पुरुष येतो, पण मुली पहिल्यापासून आहेत. कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांचा बाजार, २१ डिसेंबर १९७५ ला पहिल्यांदा भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं, त्यात बहुतेक शाळकरी मुली! आज तो ऑगस्टात आणि डिसेंबरात तोक्यो बिग साइटला भरतो. आणि मुलींचा अड्डा म्हणाल तर पूर्व इकेबुकुरोतला ओतोमे रोड. शनिवारी तिथे चालायला जागा नसते. बॅगेला एकाच पात्राचे बिल्ले इतके लावलेले असतात की खालचं कापड दिसत नाही.

हे सांगायचं कारण असं की गौरांग म्हणतात तसं 'मुलगी बसवली' हे कथेच्या साच्याबद्दल खरं, समाजाबद्दल नाही. बायका होत्याच, कथांना त्या उशिरा दिसल्या.

झिपऱ्या

टोकियोवासी, प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली). निशी-कासाई म्हणजे आपलीच माणसं की. वडापाव मिळतो का हो तिकडे?

टोकियोवासी

इडली-डोसा मुबलक. वडापाव घरी करतो. पावाचं काही जमत नाही.

पोस्टकार्ड

वडापावावरून परत धाग्यावर या.

मी कॉस्प्ले करते, मुंबईच्या कॉमिक कॉनला जाते. त्यामुळे माझं मत 'माय ड्रेस-अप डार्लिंग'ला. शिनइची फुकुदा, 'यंग गांगान' मासिक, २०१८ ते २०२५. मारिन ही वर्गातली सगळ्यांत झळकणारी मुलगी, आणि तिला कॉस्प्ले करायचंय. वाकाना गोजो हिना बाहुल्यांची (सणाला मांडायच्या पारंपरिक जपानी बाहुल्या) डोकी घडवणाऱ्या आजोबांचा नातू. इवात्सुकीतलं दुकान, आणि इवात्सुकी खरोखरच बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. बाहुल्यांचे कपडे शिवायची सवय, त्यांचे चेहरे रंगवताना बघितलेलं तंत्र, हे सगळं तो मारिनच्या पोशाखात आणि मेकअपमध्ये ओततो.

या मांगात काम दिसतं. माप घेणं, कापड निवडणं, विगला कात्री लावणं, डोळ्यांचा आकार बदलायला मेकअप कसा करायचा, पैसे कुठून आणायचे. पहिल्या कार्यक्रमात काळ्या जाड कपड्यांत मारिन घामाघूम होते. ते पान वाचून मला माझी अवस्था आठवली. मंगलदास मार्केटमधून चिवटपणे घासाघीस करून आणलेलं मखमली कापड, आतून अस्तर, आणि वर आपली दमट हवा. इव्हा फोमचं चिलखत गोंदाला सोडायला लागलं होतं आणि मैत्रीण ग्लू गन घेऊन मागे मागे फिरत होती. हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते पान इतकं नेमकं रेखाटता येतं.

आणि मारिन काही लपवत नाही! आवडतं म्हणजे आवडतं. लपवतो तो गोजो, कारण लहानपणी एका मैत्रिणीने 'मुलगा असून बाहुल्या आवडतात' म्हणून तोडलेलं असतं. इथे मुलगी मुलाला 'चालेल' म्हणत नाही, 'किती सुंदर आहे हे' म्हणते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निळी_शाई

पोस्टकार्ड, अनुमोदन, पण अर्धं. माप घेण्याचा तो भाग आठव. मारिन स्विमसूटमध्ये, आणि चौकटींची नजर कुठे कुठे फिरते. तिच्या कॉस्प्लेची पहिली निवडही प्रौढांच्या गेममधलं पात्र. मासिक तरुण पुरुषांचं आहे, ते विसरू देत नाही. तिची आवड खरी आहे, कष्ट खरे आहेत, हे शंभर टक्के मान्य. पण ती आवड वाचकाच्या डोळ्यांना काय पुरवते हाही प्रश्न विचारायला हवा. मीनाताई, ही मालिका दहावीला नको.

पोस्टकार्ड

नजरेबद्दल वाद नाही, ते मलाही खटकतं. पण प्रौढ गेम आवडणारी मुलगी असू नये का? मारिन त्या गेमबद्दल बोलते तेव्हा कथानकावर बोलते, पात्रावर बोलते, डोळ्यांत पाणी आणून बोलते. गौरांगला नारुमीत जे सापडत नाही ते इथे भरभरून आहे: तिला नेमकं काय आवडतं ते.

गौरांग

हे पटलं. आणि त्याच मालिकेतला हिमेनो आमाने? मुलगा, स्त्रीपात्रांचं कॉस्प्ले करतो. प्रेयसी म्हणते हे सगळं टाकून दे, तर तो तिलाच सोडतो. सायलीच्या प्रश्नाचं उत्तर दुय्यम पात्राने दोन-चार पानांत देऊन टाकलंय.

अनघा_पुणे

'किस हिम, नॉट मी' कुणी वाचलंय? जुन्को, 'बेसात्सु फ्रेंड', २०१३ ते २०१८. काए फुजोशी, अंगाने जाड. लाडकं पात्र मरतं, ती दुःखाने अन्नपाणी सोडते, बारीक होऊन शाळेत येते आणि चार मुलं (नंतर एक मुलगीही) मागे लागतात. तिला मात्र त्या मुलांच्या आपापसात जोड्या जुळवायच्या असतात.

बारीक झाल्याशिवाय नायिका होताच येत नाही, हे मला त्यातलं अजिबात सहन झालं नाही. दोन खंड वाचून बाजूला ठेवली.

सायली_वि

अनघा, तुझी चीड समजते. पण पुढे वाच असं म्हणेन. एका भागात काएचं वजन पुन्हा वाढतं. बाकीची पोरं तिला बारीक करायच्या मागे लागतात, फक्त त्यांच्यातला मुत्सुमी तसाच वागतो. ती जाड असतानाही तो तिच्याशी तितकाच नीट वागलेला असतो, आणि ती बारीक होऊन आली तेव्हा तिला पाहताक्षणी ओळखणाराही तोच. शेवटी ती त्याचीच होते, आणि लेखिकेने हे पहिल्या प्रकरणापासून पेरलंय. साचा मोडला असं मी म्हणणार नाही, वजनावरचे विनोद मलाही नकोसे वाटतात. तरी चाहतीचं डोकं कसं चालतं हे तिथे आतून कळतं. जुन्को मुळात बीएलच्याच लेखिका, त्याचा हा परिणाम असावा. निशिना नावाची मुलगी तर स्वतः चाहत्यांसाठी पुस्तकं काढणारी आहे, आणि काए आधी तिच्या कामाची भक्त असते. त्या दोघींचं पुस्तकांबद्दलचं बोलणं कुठल्याही मुलाबरोबरच्या प्रसंगापेक्षा जिवंत आहे.

झिपऱ्या

हुश्श, आता सविस्तर.

चष्मा काढला की सुंदर, हा प्रकार 'प्रिन्सेस जेलीफिश'मध्येही आहे, सायली. कुरानोसुके त्सुकिमीला नटवतो आणि त्याचा सावत्र भाऊ तिच्या प्रेमात पडतो. चष्मा आणि वेण्या घातलेल्या त्सुकिमीला मात्र तो ओळखतही नाही. मग काएला वेगळा न्याय का?

सायली_वि

झिपऱ्या, कारण हिगाशिमुरा त्या नटवण्यालाच कथेचा प्रश्न बनवतात. आमामिझुकान, म्हणजे त्सुकिमी राहते त्या घरातल्या बाकीच्या बघ: मायाया 'तीन राज्यां'च्या चिनी इतिहासात बुडालेली, बांबा रेल्वेत, चिएको किमोनोत, जिजी प्रौढ गृहस्थांत. फॅशनेबल माणूस समोर आला की सगळ्या दगड होतात. कुरानोसुकेचं म्हणणं असं की जग बाहेरून बघतं, तेव्हा लढायला जाताना चिलखत चढवा. त्सुकिमीला ते नेहमी पटतं असं नाही. आणि तो स्वतः राजकारण्याचा मुलगा असून बायकांचे कपडे घालून घरातून सटकतो, म्हणजे कपड्यांची गरज त्यालाही आहेच. काएच्या बाबतीत असा प्रश्न कुणी विचारतच नाही.

निळी_शाई

आता माझं उत्तर: 'गेन्शिकेन'. शिमोकू किओ, 'आफ्टरनून' मासिक, मूळ मालिका २००२ ते २००६, ९ खंड. कॉलेजातल्या ओताकू मंडळाची गोष्ट. निव्वळ रोमँटिक कॉमेडी नाही, पण ओगिउए आणि सासाहारा यांची प्रेमकथा मला या सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते.

ओगिउए फुजोशी आहे आणि फुजोशींचा द्वेष करते. माध्यमिक शाळेत असताना तिने स्वतःच्या बॉयफ्रेंडवर बीएल रेखाटलेलं असतं. ते मुलांच्या हाती लागतं, तो मुलगा शाळा सोडून जातो. तेव्हापासून तिला वाटतं, माझ्या डोक्यातून जे येतं ते माणसांना इजा करतं. आणि तरी रेखाटणं थांबत नाही. सासाहारा आवडायला लागतो तेव्हा हात आपोआप त्याच्यावरच चालतो, मंडळातल्या मादारामेबरोबर जोडी लावून.

मग ती त्याला सांगते की आधी हे बघ, मग ठरव. तो तिच्या खोलीत बसून ती पानं वाचतो. तिथे लेखक घाई करत नाही. तिची घालमेल, त्याचं पान उलटणं, दोघांचं अवघडलेपण. ती 'मला फुजोशी म्हणून स्वीकार' असं मागत नाही. माझ्या हातून हे येतं, हे तुझ्यावर आहे, याच्यासकट मी आहे, असं सांगते. आणि तो वाचक म्हणून वाचतो. सायली, तुझ्या कसोटीत मी एवढीच भर घालेन: नायक तिचं काम वाचतो का?

मी स्वतः रेखाटते. माझं खातं घरच्यांना, सासरच्यांना माहीत नाही. नवऱ्याला माहीत आहे, तो म्हणतो 'तुझं चालू दे'. वाईट काहीच नाही त्यात. पण त्याने एकदा बसून बघावं असं मला फार वाटतं.

अनघा_पुणे

निळी_शाई, तुझा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. त्याला हा धागाच पाठव ना.

जपानी शिकत होते तेव्हा 'गेन्शिकेन' मुळातून वाचायचा प्रयत्न केला होता. ओगिउएचं गावाकडचं बोलणं मधूनच बाहेर पडतं, ते कळायला लागलं तेव्हा ती आणखी जवळची झाली. आणि हो, ओनोला विसरू नका. टकले पुरुष आवडणारी कॉस्प्लेवाली! तिची आवड कुणी सुधारायला जात नाही.

गौरांग

'नायक तिचं काम वाचतो का' ही कसोटी लावली तर 'वोताकोई' पुन्हा वर येते. कॉमिकेटला नारुमीच्या टेबलामागे बसून हिरोताका तिची पुस्तकं विकतो. वर मी जे लिहिलं ते अजूनही माझं मत आहे, पण हा माणूस नुसता 'चालेल' म्हणून घरी बसणारा नाही हे मान्य करायला हवं.

टोकियोवासी

टेबलामागे बसणं हलकं काम नाही हो. सकाळी लवकर पोचायचं, खोकी उघडायची, किमतीचा फलक लावायचा, सुटे पैसे मोजून ठेवायचे, रांग आली की सांभाळायची. आणि कॉस्प्ले करणाऱ्यांना घरून पोशाख घालून येता येत नाही, तिथल्याच खोलीत बदलावं लागतं. म्हणजे कोयानागीसारखीला अख्खी बॅग ओढत न्यायची. ज्याने प्रेमापोटी एक दिवस असा घालवला त्याने पुष्कळ काही केलं.

अवांतर: प्रेमकथा नसलेली, पण याच प्रश्नाशी भिडणारी 'तोकुसात्सु गागागा' जरूर वाचा. तांबा निवा, २०१४ ते २०२०. ऑफिसात काम करणारी नाकामुरा, तिला रबरी पोशाखातल्या सुपरहिरोंच्या मालिकांचं वेड. आईने लहानपणी ते सगळं 'मुलांचं' म्हणून बंद केलेलं. ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून तिची रोजची कसरत चालते. तिला हवी असते ती ट्रेनमध्ये भेटणारी, तेच बघणारी योशिदा. नवऱ्याची निवड हा प्रश्नच नाही, आईशी भांडण हा आहे.

पोस्टकार्ड

हे वाचून मनात आलं, की या कथांमध्ये नायक काढला तरी एक गोष्ट शिल्लक राहते: दुसरी मुलगी. नारुमीला कोयानागी, काएला निशिना, त्सुकिमीला अख्खं घर, मारिनला कॉस्प्ले करणारी जुजू. प्रेमाचा कबुलीजबाब मुलाला दिला जातो, पण मनमुराद बोलणं मैत्रिणीशीच होतं.

मीना_सातारकर

पूर्ण धागा वाचला, सगळ्यांचे आभार. लेकीला विचारलं, तू यातलं काय वाचतेस. आधी जरा बिचकली, मग तासभर बोलत होती. तिने मला एक मांगा दिलाय: पंचाहत्तर वर्षांच्या बाई नुसतं मुखपृष्ठ छान म्हणून एक पुस्तक घेतात, ते बीएल निघतं, आणि दुकानातल्या शाळकरी मुलीशी त्यांची मैत्री होते. मला आवडतंय. ही रोमँटिक कॉमेडी म्हणायची का?

सायली_वि

मीनाताई, ती 'बीएल मेटामॉर्फोसिस', काओरी त्सुरुतानी यांची, ५ खंड. रोमँटिक कॉमेडी नव्हे, पण या धाग्यावर तिला मानाची जागा आहे. उरारा पुढे स्वतः मांगा रेखाटायला घेते तिथपर्यंत नक्की वाचा. लेकीच्या निवडीला दाद द्या माझ्याकडून.

बाकी सगळ्यांनी इतकं दिलंय की यादी करून ठेवली. गौरांग, 'वोताकोई'बद्दल मी अजून अनघाच्या बाजूला पूर्ण आलेली नाही. टेबलाचा प्रसंग आहे, पण नारुमीच्या पुस्तकात काय आहे ते त्या टेबलावरही आपल्याला दिसत नाही. ओगिउएची पानं दिसतात.

अनघा_पुणे

मग बागेचा प्रसंग? दोघं मनोरंजन बागेत जातात आणि ओताकू विषयांवर बोलायचं नाही, बोलला तर दंड, असं ठरतं. दोघांना बोलायला काही सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा दंडच भरावा लागतो! तिची आवड काढून घेतली तर त्या दोघांत काय उरतं, हे तिथे करून दाखवलंय. मला याहून जास्त पुरावा नको.

झिपऱ्या

अनघाला माझं मत. आणि निळी_शाई, नवऱ्याला पाठवलास का धागा?

निळी_शाई

पाठवला. म्हणाला, आधी 'गेन्शिकेन' वाचतो, मग तुझं. खंड कुठून मिळतील ते विचारतोय. पुण्यात कुणाकडे आहेत का?

अनघा_पुणे

माझ्याकडे इंग्रजीतले पहिले सहा आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.